घाटाखालचं पाणी

1978 च्या मे महिन्यात मी खोपोलीत एका रेडिएटरच्या दुकानात कामाला लागलो. पहिलं काम मिळालं ते दुकानासमोरचं पिंप भरून ठेवायचं. पत्र्याचं मोठं पिंप आणि त्याला साखळीने बांधलेलं डबडं. पुण्याकडे निघालेला ट्रकवाला, दादरची टॅक्सी, वऱ्हाड घेऊन चाललेली अँबेसिडर, जो तो घाट चढण्याआधी तिथे थांबायचा, बॉनेट वर करायचा आणि गाडीला पाणी पाजायचा. 'पाजायचा' हाच शब्द होता. ट्रकचा क्लीनर आधी गाडीला पाजायचा, मग स्वतः कुठे चहा मिळतो ते बघायचा. या पाण्याचे पैसे आम्ही कधी घेतले नाहीत. वस्ताद म्हणायचे, "घाटाखाली पाणी विकायचं नसतं रे."

हे ते मनचं बोलत नव्हते. खोपोलीचा मोठा तलाव आणि त्याच्या काठचं महादेवाचं देऊळ नाना फडणवीसांनी बांधलं. बोरघाट चढण्याआधी माणसाला आणि जनावराला पाणी मिळावं, अशीच ती जागा आहे. तेव्हा घाटातून ओझ्याच्या बैलांचे तांडे जात. 1830 साली, गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत, चाकांच्या गाड्यांना चढता येईल असा रस्ता झाला. पुढे रेल्वे आली, पण तीसुद्धा पायथ्याशी अडली. 1856 साली मुंबईहून गाडी खोपोलीपर्यंत येऊ लागली, 1858 साली खंडाळा-पुणे सुरू झालं, मधला घाट मात्र 1863 पर्यंत रुळाविना राहिला. ती पाच वर्षं आगगाडीचे उतारू खोपोलीला उतरत आणि पालखीत, तट्टावर नाहीतर बैलगाडीत बसून खंडाळा गाठत. म्हणजे मोटार येण्याच्या कितीतरी आधीपासून आमचं गाव दम खायचं आणि पाणी प्यायचं गाव होतं. 1915 पासून तर घाटमाथ्यावरच्या धरणांचं पाणी पाचशे मीटरांहून जास्त उंचीवरून नळांतून खाली येतं, टाटांच्या वीजघरात चक्रं फिरवतं आणि पाताळगंगेत जातं. खोपोलीला पाण्याची ददात नाही.

मोटारीलाही जन्मापासून पाण्याची तहान आहे. 1888 साली बेर्ता बेंझ नवऱ्याने बनवलेली तीनचाकी घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला गेली. शंभरेक किलोमीटरची ती मोटारीची पहिली लांबची सफर. त्या गाडीत पाणी तापून वाफ होऊन उडून जायचं, त्यामुळे बाईंना वाटेत पुन्हा पुन्हा थांबून ते भरावं लागलं. 1900 साली विल्हेल्म मायबाखने मेर्सेडिससाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला, त्यात आठ हजारांहून अधिक बारीक नळ्या होत्या. त्यात तेच पाणी थंड होऊन परत इंजिनात जायचं. मी आयुष्यभर डाख दिला तो याच पोळ्याच्या वंशजांना.

घाटातच गाडी का तापते, असं लोक विचारत. जळालेल्या पेट्रोलच्या उष्णतेतला साधारण तिसरा हिस्सा पाण्याला वाहून न्यावा लागतो. चढावर इंजिन पूर्ण जोर लावतं, गाडी मात्र दुसऱ्या गियरमध्ये रांगते, त्यामुळे समोरून वारा मिळत नाही. त्यात खंडाळ्याच्या उंचीवर उघडं पाणी शंभरला नाही, अठ्ठ्याण्णवच्या आसपासच उकळतं. म्हणून रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवणारं असतं. दाब असला की तेच पाणी एकशे दहा अंशांच्या पुढे गेलं तरी उकळत नाही. झाकणाचं रबर गेलं की दाब जातो आणि गाडी शिंग्रोबाच्या देवळापर्यंतसुद्धा पोचत नाही. घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं ते देऊळ. ड्रायव्हर आजही तिथे नाणं टाकतात.

झाकणाचा धडा मला पहिल्याच पावसाळ्यात मिळाला. एक फियाट वाफ सोडत उलटी खाली आली होती. मी फडकं न घेता झाकण फिरवलं. दाब सुटला त्या क्षणी आतलं सगळं पाणी एकदम उकळून उसळलं. उजव्या मनगटावरचा डाग अजून आहे. त्या दिवशी वस्तादांनी मला समोर बसवून शिकवलं ते मी पुढे हाताखालच्या प्रत्येक पोराला शिकवलं: तापलेल्या गाडीला अर्धा तास हात लावायचा नाही. मग ओलं गोणपाट झाकणावर टाकायचं, झाकण पाव फेरा फिरवून थांबायचं, फुसफुस पूर्ण संपू द्यायची आणि मग उघडायचं. पाणी ओतताना इंजिन सावकाश चालू ठेवायचं आणि धार बारीक ठेवायची. लाल झालेल्या इंजिनावर एकदम गार पाणी पडलं की हेडला तडा जातो. घाईपायी मोडलेले असे हेड मी पुष्कळ पाहिले.

आमचं खरं काम होतं रेडिएटर खोलण्याचं. बाहेरगावच्या गाड्या जिथे मिळेल तिथलं पाणी भरत, बहुतेक विहिरीचं नाहीतर बोअरचं. त्यातले क्षार नळ्यांत धरत, शिवाय इंजिनाच्या ओतीव लोखंडाचा गंज वाहून येई. पितळेची वरची टाकी आम्ही दिव्याच्या आचेवर सोडवायचो, एकेका चपट्या नळीतून पोलादी पट्टी घालून मळ काढायचो, पाण्यात बुडवून हवा भरून बुडबुडे बघायचो आणि पुन्हा झाळून द्यायचो. एका रेडिएटरला दीड दिवस जाई. बारीक गळती असली तर ट्रकवाले रेडिएटरमध्ये हळद टाकत. ती भोकाशी जाऊन बसते आणि गळती थांबते हे खरं, पण चांगल्या नळ्याही ती तशीच बुजवते. नळ्यांतून निघणारा पिवळा चिखल मला ओळखू येऊ लागला होता.

एक चूक मात्र आम्ही सगळ्यांनीच केली, ती इथे लिहून ठेवतो. गाडी तापते म्हटलं की गॅरेजवाले थर्मोस्टॅट काढून फेकून देत, मीही दिले. इंजिन ठरावीक गरम होईपर्यंत पाणी अडवून धरणारी ती झडप आहे. ती काढली की इंजिन कायम गार चालतं, पेट्रोल जास्त पितं आणि आतून लवकर झिजतं. दोष बहुतेक वेळा बुजलेल्या नळ्यांत असायचा, शिक्षा मात्र थर्मोस्टॅटला व्हायची.

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि आमच्या धंद्याचं पाणी बदललं. तिला विजेवर चालणारा पंखा होता आणि बाजूला प्लास्टिकची छोटी बाटली, दोन रेघांची. आत साधं पाणी नव्हे, रंगीत कूलंट. त्याचा मूळ पदार्थ, इथिलीन ग्लायकॉल, फ्रान्सच्या शार्ल वुर्ट्झने 1850 च्या दशकातच तयार केला होता, मोटारींनी तो 1920 च्या दशकात बर्फाच्या देशांत उचलला. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं पाणी असलं तर ते उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही. आपल्याकडे पाणी गोठण्याचा प्रश्न नाही, म्हणून कित्येक वर्षं लोक म्हणत, हे साहेबांचं औषध आपल्याला कशाला? आपल्याला ते गंजासाठी हवं. त्यात मिसळलेली द्रव्यं धातूवर थर धरतात, आणि आताच्या अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनाला त्यांच्यावाचून भागत नाही. उकळण्याचा अंशही काहीसा वर जातो, तो घाटात उपयोगी पडतो.

पुढे पितळी रेडिएटर गेले. अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीला प्लास्टिकची टाकी चिमटवून बसवलेले आले. त्यांना डाख बसत नाही, फुटले की बदलायचे. 2002 मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि गाड्या खोपोलीच्या बाहेरून जाऊ लागल्या. दुसऱ्या वर्षी मी पिंप भरणं बंद केलं. त्याआधी आठवडाभर एकाही गाडीने त्यातलं पाणी घेतलं नव्हतं.

नव्या गाड्या चांगल्या आहेत, मला त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण घाटाखाली थांबून बॉनेट उघडायची सवय मोडली. त्यामुळे मे महिन्यातल्या शनिवारी मुलंबाळं घेऊन कडेला वाफ सोडत उभ्या असलेल्या गाड्या अजून दिसतात. त्यांतल्या कित्येकांची बाटली कोरडी निघते आणि मालकाला ती कुठे असते हेच माहीत नसतं. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण तपासायला दोन मिनिटं लागतात.

तेव्हा घाटाला निघण्याच्या दिवशी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडा. बाटलीतली पातळी खालच्या आणि वरच्या रेघेच्या मध्ये आहे का बघा. कमी असेल तर गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं कूलंटच घाला. रंग जुळला म्हणून दुसरं घालू नका, कारण रंग बनवणारा आपल्या मर्जीने देतो. अगदीच नड असेल तर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी थोडं चालेल, बोअरचं नको. वरच्या रेघेच्या पुढे भरू नका. सांडलं तर लगेच पुसून धुऊन काढा. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं, कुत्री चाटतात. आठवड्याने पातळी पुन्हा खाली गेलेली दिसली, तर वरून भरत बसू नका, कुठून गळतंय ते मेकॅनिककडून शोधून घ्या.

खोपोलीचा तलाव अजून भरलेला आहे. जुन्या रस्त्याने आलात तर थोडं थांबा.