वाघीण सुटली तर

१८९०च्या दशकातली श्रावणातली सकाळ. खंडाळ्याच्या खाली, बोरघाटात, मालगाडीच्या शेवटच्या ब्रेकच्या डब्यात तुम्ही उभे आहात. एका बाजूला पाझरणारा कातळ, दुसऱ्या बाजूला धुकं. त्या धुक्याखाली उल्हास नदीचं खोरं आहे. दिसत नाही तेच बरं. पुढे मुंबईला निघालेल्या कापसाच्या गाठी. ‘वॅगन’ची मराठी माणसानं वाघीण का केली, ते इथं तळपायांना कळतं.

उतार ३७ फुटांना एक फूट. ऐकायला किरकोळ. पण रूळ ओले आहेत आणि ब्रेकवाला दातओठ खात हातचाक आवळतोय. लोखंड तापल्याचा वास तुमच्या नाकात बसलाय.

तेवढ्यात पुढे रुळाला फाटा फुटलेला दिसतो. मुख्य मार्ग खाली उतरतो. फाटा मात्र उलटा डोंगर चढतो आणि कुठल्याही गावाला न जाता संपतो. आणि सांधा त्या फाट्याकडेच वळवलेला!

“अहो, चुकलाय सांधा!”

“चुकला नाय, साहेब. कॅच साइडिंग हाय ती. सांधा तसाच असतो कायम.”

म्हणजे इथं प्रत्येक गाडी सुटलेलीच धरायची. आवाक्यात आहे हे तिनं दाखवलं, तरच तिला खालची वाट. नाही दाखवलं, तर सांधेवाला हात लावणार नाही. गाडी चढावर जाईल आणि तिची मस्ती चढच जिरवेल. इतका उघड अविश्वास मला तरी फार आवडतो.

आणि तो हवाच, कारण खाली रिव्हर्सिंग स्टेशन आहे. १८६३ साली घाट सुरू झाला तेव्हापासून गाडी तिथल्या टोकाला जाऊन थांबते, इंजिन दुसऱ्या बाजूला लागतं, शेपटीचं तोंड होतं. १९२९मध्ये नवा मार्ग होईपर्यंत हे असंच चालणार आहे. त्या टोकापलीकडे रूळ नाहीत. दरी आहे.

आपल्या काळात, याच घाटात, मुंबईच्या गाडीत मंकी हिलजवळ उगाच थांबलो म्हणून तुम्ही किती वेळा चरफडलात, आठवतं? ते थांबणं याच परीक्षेसाठी होतं.

गाडी रेंगाळते, जवळजवळ थांबते. इरलं पांघरलेला सांधेवाला तुमच्याकडे बघतही नाही. त्याची नजर चाकांवर. मग तो दांडा ओढतो. खट्. डबे एकेक करून खालच्या वाटेला लागतात.

तुम्ही मागे वळून बघता. शेवटचं चाक सरकताच त्यानं सांधा पुन्हा डोंगराकडे फिरवलेला असतो.