माथेरान : एका बंदीचा इतिहास

सरकारचं पर्यटन धोरण म्हटलं की डोळ्यांसमोर येतात त्या बांधलेल्या गोष्टी. रस्ते, विमानतळ, विश्रामगृहं, जाहिरातींचे फलक. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ १९७५ साली स्थापन झालं, सिंधुदुर्ग १९९७ साली 'पर्यटन जिल्हा' म्हणून जाहीर झाला. हा इतिहास आपण 'सरकारने काय केलं' अशा यादीच्या रूपात वाचतो. पण मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आत एक गाव असं आहे, ज्याचं पर्यटन सरकारने काय करू *दिलं नाही* यावर उभं आहे. ते गाव म्हणजे माथेरान.

माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा. एखादी सिस्टीम समजून घ्यायची तर ती काय करते याच्याइतकंच ती काय करू देत नाही हेही बघावं लागतं, हे नोकरीच्या पहिल्या वर्षातच शिकायला मिळतं. आणि दुसरी गोष्ट अशी, की एखादी वाट बंद केली म्हणून तिच्यावरून जाणारी गरज संपत नाही. ती दुसरीकडून वाट काढते. माथेरानचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास वाचताना या दोन्ही गोष्टी मला पुन्हा पुन्हा आठवत राहिल्या.

मे १८५०मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकच्या बाजूने हा डोंगर चढून गेला आणि त्याने माथेरान 'शोधलं', असं सांगितलं जातं. तिथल्या ठाकर, कातकरी आणि धनगरांना ते हरवलं असल्याचं अर्थातच ठाऊक नव्हतं. तरीही हा 'शोध' महत्त्वाचा, कारण त्यामागे एक धोरण होतं. सखल भागातल्या उन्हाळ्याने आणि तापाने गोरे अधिकारी आणि सैनिक आजारी पडत, मरत. त्यांना थंड हवेत पाठवणं हा कंपनी सरकारच्या दृष्टीने मौजेचा नव्हे, कारभाराचा प्रश्न होता. महाबळेश्वर याच गरजेतून उभं राहिलं होतं. गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात, १८२९ साली, ती जागा साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून दुसऱ्या एका गावाच्या बदल्यात रीतसर तह करून घेण्यात आली. 'पर्यटन' नावाचं सरकारी खातं जन्माला येण्याच्या शतकभर आधी सरकार पर्यटनस्थळं घडवत होतं, फक्त त्यांना 'सॅनिटेरियम' म्हणत होतं.

माथेरानचं नशीब मात्र रेल्वेने ठरवलं. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी धावली आणि तीनेक वर्षांतच रूळ नेरळच्या पुढे गेले. डोंगराच्या पायथ्याशी स्टेशन आल्याने मुंबईकराला माथेरान जवळ आलं. उरलेली चढण घोड्यावरून, पालखीतून किंवा पायी. ही चढण सोपी केली ती सरकारने नव्हे, तर आदमजी पीरभॉय या मुंबईच्या व्यापाऱ्याच्या पैशाने. त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याने १९०४ ते १९०७ या काळात दोन फूट रुंदीचा, वीसेक किलोमीटर लांबीचा वळणावळणाचा रेल्वेमार्ग बांधून घेतला. सरकारने परवानगी दिली, भांडवल खाजगी होतं.

रेल्वे वर पोचली तेव्हा मोटारगाड्या नुकत्याच दिसू लागल्या होत्या. बाकीच्या गिरिस्थानांनी यथावकाश मोटारीसाठी वाट करून दिली, माथेरानने केली नाही. पुढे नेरळहून डोंगरात रस्ता आला, तोही दस्तुरी नाक्यापर्यंतच. तिथून बाजारपेठेपर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर लाल मातीचे आणि पायांचे राहिले. ४ फेब्रुवारी २००३ला केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा दोनशे चौरस किलोमीटरहून मोठा परिसर 'पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील' म्हणून अधिसूचित केला, तेव्हा रुग्णवाहिका, अग्निशमन यांसारखे अपवाद सोडून वाहनबंदीला कायद्याचं भक्कम कवच मिळालं.

ही बंदी यशस्वी ठरली, हे आधी मान्य केलं पाहिजे. मे महिन्यातल्या रविवारी महाबळेश्वरच्या वाटेवर गाडीत तासन् तास बसलेल्या कुणालाही ते पटेल. महाबळेश्वर-पाचगणीलाही २००१ साली असाच संवेदनशील क्षेत्राचा दर्जा मिळाला होता, पण तोवर मोटार तिथे चांगली रुजली होती. माथेरानला दाट झाडी टिकली आणि हॉर्न नसलेली शांतता टिकली. आज तिथली हॉटेलं हीच शांतता विकतात. म्हणजे एका नकारातून गावाची अख्खी अर्थव्यवस्था उभी राहिली.

पण गरज वाट काढतेच. माणसांना आणि त्यांच्या बॅगांना ते अडीच-तीन किलोमीटर पार करायचेच होते. पीठ, भाज्या, सिमेंट, गॅसचे सिलिंडर वर यायचेच होते. मोटारीने जे काम केलं असतं ते घोड्यांनी, डोक्यावर ओझं वाहणाऱ्या हमालांनी आणि हातरिक्षा ओढणाऱ्यांनी केलं. चढावर एक माणूस पुढून ओढतो आणि दोघं मागून ढकलतात. मी कॉलेजात असताना आम्ही आजीला घेऊन माथेरानला गेलो होतो. तिचे गुडघे दुखायचे, त्यामुळे हातरिक्षा केली. सबंध रस्ताभर ती अवघडून बसली होती आणि मध्येच तिने ओढणाऱ्याला विचारलं, "बाबा, मी जरा उतरून चालू का?" तो म्हणाला, "बसा आजी, तुम्ही उतरलात तर आमचं कसं व्हायचं?" या प्रश्नाला उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. खरं तर ते धोरणाकडे असायला हवं होतं.

धोरणाकडे ते फार काळ नव्हतं. सायकलरिक्षा चालवणाऱ्यांबद्दलचा 'आझाद रिक्षा पुलर्स युनियन' खटला सर्वोच्च न्यायालयाने १९८०मध्ये निकाली काढला होता. त्यात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांच्या निवाड्याने कष्टकऱ्याला स्वतःच्या वाहनाचा मालक होण्याची वाट दाखवली. माथेरानच्या हातरिक्षा त्यानंतरही चार दशकं चालू राहिल्या. कारण सरकारच्या लेखी प्रश्न वाहनांचा होता, वाहणाऱ्यांचा नव्हता.

अखेर रिक्षावाल्यांच्या बाजूनेच ई-रिक्षांची मागणी न्यायालयात गेली. २०२२मध्ये परवानगी मिळाली आणि डिसेंबरमध्ये सात ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. घोडेवाल्यांचा विरोध झाला आणि तो समजण्यासारखा होता, कारण त्यांचंही पोट त्याच वाटेवर आहे. शेवटी ऑगस्ट २०२५मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने माथेरानमधल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, १९८०च्या निकालाची आठवण काढली, आणि राज्य सरकारने ई-रिक्षा विकत घेऊन खऱ्या रिक्षावाल्यांना भाड्याने द्याव्यात असं सांगितलं. पैसा नाही ही सबब चालणार नाही, असंही बजावलं. नमुना म्हणून न्यायालयाने गुजरातमधलं केवडिया पुढे ठेवलं, जिथे ई-रिक्षा स्थानिकांना भाड्याने चालवायला दिल्या जातात.

मला या आदेशात बंदीपेक्षा तिला जोडलेलं दुसरं वाक्य महत्त्वाचं वाटतं. मोटारींवरच्या बंदीला असं दुसरं वाक्य कधी जोडलंच गेलं नव्हतं. 'वाहन येणार नाही' एवढं म्हणून सरकार थांबलं आणि 'मग भार कोण वाहील' हे बाजारावर सोडलं. बाजाराने तो भार सर्वांत स्वस्त खांद्यांवर टाकला. या वेळी 'हातरिक्षा चालणार नाही' याच्यापुढे 'मग ओढणाऱ्याने काय करायचं' हेही लिहिलं आहे.

माथेरानच्या इतिहासात मॅलेटचं नाव पहिलं येतं, पण याच गावात १९१२ साली एका न्हावी कुटुंबात विठ्ठल कोटवाल जन्मले. भाई कोटवाल वकील झाले, गावच्या नगरपालिकेत काम केलं, शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या चालवल्या, बेचाळीसच्या लढ्यात मुंबईकडे जाणारे विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर हिराजी पाटलांसह पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. पर्यटकांच्या सेवेवर जगणाऱ्या गावातून आलेल्या या माणसाने स्वतःसाठी निवडलेला प्रश्न होता, पिकवणाऱ्याच्या घरी धान्य का नाही. माथेरानच्या धोरणाला तोच प्रश्न थोडा बदलून विचारता येतो: ज्यांच्या पाठीवर ही शांतता उभी आहे, त्यांच्या वाट्याला तिच्यातलं काय येतं?

वाहनबंदी राहावी असं मला मनापासून वाटतं. पण कुठल्याही पर्यटन धोरणाचा हिशेब किती पर्यटक आले यावर थांबू नये. त्यांच्या बॅगा कुणी उचलल्या आणि संध्याकाळी तो माणूस किती थकून घरी गेला, तोही रकाना त्यात असायला हवा.