जुन्या मोटरसायकलच्या हँडलचे दोषनिदान : एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

धावत्या मोटरसायकलचे हँडल थरथरू लागले, तर दोष कोठे शोधावा? या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकात बदलत गेले. तो बदल प्रस्तुत टिपणात पाहू.

१. डँपरचा काळ

दोन महायुद्धांदरम्यानच्या अनेक ब्रिटिश मोटरसायकलींवर हँडलच्या मधोमध एक गोल मूठ असे. ती आवळली की आतील चकत्यांचे घर्षण वाढून हँडल जड होई. थरथर जाणवली की चालक मूठ आवळत. त्यामुळे लक्षण दबे. कारण तसेच राही.

२. गणिताची भर

१८९९ मध्ये फ्रान्सिस व्हिपल यांनी सायकलच्या स्थैर्याची समीकरणे मांडली. त्यांत चाके कठीण आणि न घसरणारी मानली होती. १९७१ मध्ये ब्रिटिश अभियंते रॉबिन शार्प यांनी मोटरसायकलच्या गणितात टायरची बाजूकडील घसरणही धरली. त्यातून दोन प्रकारची आंदोलने स्पष्ट वेगळी झाली :

• वोबल : केवळ पुढचे चाक व हँडल जलद थरथरते, सेकंदाला साधारण ६ ते १० वेळा.
• वीव्ह : संपूर्ण गाडी मागच्या भागासह सावकाश हेलकावते, सेकंदाला साधारण २ ते ४ वेळा.

टायरची घसरण वगळली, तर गणितात वोबल दिसतच नव्हता. दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा होता : डँपर वोबल आटोक्यात आणतो, परंतु अधिक वेगात वीव्ह वाढवू शकतो. म्हणजे जुना सरसकट उपाय प्रसंगी धोकादायक ठरू शकत होता.

३. वर्कशॉपमधील अर्थ

१९५५ मध्ये मद्रास येथे एनफिल्ड इंडिया कंपनी स्थापन झाली आणि इंग्लंडमधील बुलेट भारतात तयार होऊ लागली. जुन्या बुलेटचे हँडल वाट्यांमधील सुट्या छर्ऱ्यांवर फिरते. मेकॅनिक या जोडणीला ‘कोन सेट’ म्हणतात. हँडल बहुतेक वेळ सरळ असल्यामुळे रस्त्याचे धक्के वाटीच्या त्याच जागांवर बसतात व तेथे खड्डे पडतात.

तपासणीसाठी गाडी मेन स्टँडवर लावून पुढचे चाक अधांतरी ठेवतात. हँडल हळू फिरवताना ते मध्यभागी अडकले, तर वाटी खराब झाली आहे. फोर्क खालून धरून पुढे-मागे हलवताना ‘खट्’ जाणवले, तर कोन सेट सैल आहे. तो फार आवळला, तरी हँडल सहज वळत नाही आणि कमी वेगात गाडी सरळ रेषेत राहत नाही.

वोबल असल्यास कोन सेटबरोबर पुढचा टायर व चाकाचे बेअरिंग पाहावे. वीव्ह असल्यास स्विंग आर्मचे बुश, मागचा टायर आणि मागे लादलेले ओझे आधी तपासावे.

सारांश

हँडलमध्ये जाणवणारा दोष हँडलमध्येच असतो असे नाही. आधी हालचाल ओळखावी, मग पाना हाती घ्यावा.

विचारार्थ प्रश्न : लक्षण दाबणारा उपाय निदानाला अडथळा कसा ठरतो? डँपरच्या उदाहरणाने स्पष्ट करा.