मक्केचा बिलाल आणि पाथरीचा कुलकर्णी



परभणीत दरवर्षी फेब्रुवारीत तुराबुल हक साहेबांचा उरूस भरतो. जिल्ह्यातल्या गावागावांतून माणसं येतात, त्यात आपल्या वस्त्यांतली माणसंही असतात. गेल्या उरुसात चहाच्या टपरीवर एका तरुण कार्यकर्त्याने मला विचारलं, "दादा, आपल्याकडचे मुसलमान तलवारीच्या धाकाने झाले की जातीला कंटाळून?" त्याला वाटत होतं की उत्तर या दोनांपैकीच एक असणार.

यातलं पहिलं उत्तर मोबाईलवर फुकट मिळतं आणि ते कोण पसरवतं हेही आपल्याला ठाऊक आहे. दुसरं उत्तर आपल्याच मंचावरून दिलं जातं. मनुवादाने छळलेले बहुजन समतेसाठी इस्लाममध्ये गेले, म्हणून सगळे मुसलमान मूळचे आपलेच भाऊ. हे दुसरं भाषण मैत्रीपोटी केलं जातं, मीही ते केलं आहे. पण मैत्रीचा पाया कच्च्या इतिहासावर घातला तर पहिल्याच वादात भिंत कोसळते. आणि हा दुसरा सिद्धान्त कोसळायला लांब जावं लागत नाही, पाथरीपर्यंत गेलं तरी पुरतं.

पाथरीच्या एका ब्राह्मण कुलकर्णी घराण्याची गोष्ट फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. हे घराणं पाथरी सोडून विजयनगरच्या राज्यात गेलं. तिथल्या एका मोहिमेत बहमनी सैन्याने या घराण्यातला तिमाप्पा नावाचा मुलगा पकडला. त्याला मुसलमान करून नाव ठेवलं हसन, आणि शहजाद्याबरोबर त्याला फारसी शिकवली. बापाचं नाव भैरव, म्हणून तो पुढे हसन बहरी. हाच बहमनी राज्याचा मोठा वजीर झाला, आणि याच्याच मुलाने, मलिक अहमदने, १४९० साली निजामशाही स्थापन केली. अहमदनगर शहर त्याच्याच नावाने वसलं. पुढे त्याचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा याला वडिलोपार्जित पाथरी हवीशी वाटली. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. मागून मिळेना म्हणून त्याने १५१८ साली ती लढून घेतली आणि, फिरिश्ता सांगतो, तिथल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिली. गंमत अशी की समोरच्या इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला हाही जन्माने कानडी मुलखातला ब्राह्मण, लढाईत पकडून मुसलमान केलेला. म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या एका गावासाठी दोन सुलतान लढले आणि दोघांचेही आजे ब्राह्मण होते.

मग तलवारवाल्यांचं बरोबर का? तिमाप्पा तर पकडूनच नेला होता. हो, इथे तलवार होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या तलवारीने पाथरीच्या महाराचं काय झालं? इनाम कुलकर्ण्यांकडेच राहिलं. राजाचा धर्म बदलला, गावाची रचना बदलली नाही. या एका प्रसंगात मला दख्खनमधल्या मुस्लिम राजवटींचं निम्मं मर्म दिसतं. उरलेलं निम्मं समजायला मात्र सातव्या शतकातल्या मक्केला जावं लागेल, कारण तिथली सुरुवात अगदी वेगळी होती.

मक्का हे व्यापाराचं आणि यात्रेचं शहर. काबाभोवतीच्या मूर्तींना अरबस्तानातल्या टोळ्या येत आणि त्या यात्रेवर कुरैश टोळीचा मान व नफा उभा होता. याच कुरैशांत, पण पोरक्या अवस्थेत, साधारण ५७० साली हजरत मुहम्मद पैगंबरांचा जन्म झाला. इ.स. ६१० च्या सुमारास हिरा गुहेत त्यांना पहिला संदेश मिळाला अशी मुस्लिमांची श्रद्धा आहे. ईश्वर एकच, सगळी माणसं त्याच्यापुढे जबाबदार, श्रीमंताच्या मालात गरिबाचा हक्क, मुलींना जिवंत पुरू नका, अनाथाचं खाऊ नका, व्याज घेऊ नका. कुरैशांच्या पुढाऱ्यांना यातलं देवशास्त्र जितकं झोंबलं तितकंच अर्थशास्त्र झोंबलं असावं. मूर्ती गेल्या तर यात्रा जाणार! पुरोहिताच्या दक्षिणेवर बोट ठेवल्यावर काय होतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

सुरुवातीला कोण आले? पत्नी खदीजा, चुलतभाऊ अली, मित्र अबू बक्र, आणि मग ज्यांच्या मागे कुळाचं बळ नव्हतं अशी माणसं. सुमय्या ही दासी, इस्लामच्या परंपरेत पहिली शहीद. बिलाल हा हबशी गुलाम. त्याचा मालक त्याला तापलेल्या वाळूवर झोपवून छातीवर दगड ठेवायचा. अबू बक्र यांनी त्याला विकत घेऊन मुक्त केलं. ६२२ साली छळामुळे सगळे मदिनेला गेले, तीच हिजरत, तिथून हिजरी सन सुरू होतो. ६३० साली मक्का जिंकल्यावर काबाच्या छतावर चढून अजान द्यायला पैगंबरांनी सांगितलं ते याच बिलालला. काळा, गुलाम आईचा मुलगा, मक्केतल्या सर्वांत पवित्र जागेच्या माथ्यावर! खाली उभे असलेले कुरैश सरदार चरफडले अशी नोंद इस्लामच्या परंपरेतच आहे. मित्रांनो, हे साल ६३० आहे. काळाराम मंदिराच्या दारात आपण १९३० साली उभे होतो.

पण अर्धी गोष्ट सांगून थांबणं हा प्रामाणिकपणा नव्हे. गुलामाला मुक्त करणं हे पुण्य ठरलं, जकातीचा एक वाटा त्यासाठी ठेवला गेला, पण गुलामगिरी बंद झाली नाही. मुलीला वारसाहक्क मिळाला, भावाच्या निम्मा. (हिंदू मुलीला कायद्याने वाटा मिळायला १९५६ उजाडलं आणि त्या प्रश्नावर बाबासाहेबांना मंत्रिपद सोडावं लागलं होतं, हेही विसरू नका.) ६३२ साली पैगंबर गेले आणि वारस कोण हा प्रश्न आला तेव्हा मदिनेच्या मदतगारांचा दावा मागे पडला, प्रमुख कुरैशांपैकीच हवा असं ठरलं. सत्तेचा प्रश्न येताच जन्म पुन्हा दारात उभा राहिला.

पुढची शंभर वर्षं वादळी आहेत. सीरिया, इराक, इजिप्त, इराण, मग स्पेनपर्यंत राज्य पसरलं. हे राज्य लढाईने पसरलं, यात शंका नाही. पण राज्य पसरणं आणि धर्म पसरणं या दोन गोष्टी आहेत, आणि आपल्याकडचा सगळा गोंधळ या दोन गोष्टी एक मानण्यातून होतो. जिंकलेल्या मुलखातली प्रजा पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती, ज्यू, पारशीच राहिली, जिझिया भरत राहिली. उमय्या खलिफांच्या काळात तर जे अरबेतर मुसलमान झाले त्यांच्याकडूनही अनेक ठिकाणी जिझिया वसूल होत राहिला, कारण सगळेच मुसलमान झाले तर खजिना कशाने भरायचा? दुसऱ्या उमर खलिफाने (७१७ ते ७२०) हे थांबवायचा प्रयत्न केला. या दुय्यम वागणुकीचा राग ७५० साली उमय्यांना उलथवणाऱ्या उठावात मोठा होता. म्हणजे समतेची मागणी इस्लामच्या आतून, खालच्या मुसलमानांनी, मुसलमान राज्यकर्त्यांविरुद्ध केली.

आता भारत. ७१२ साली मुहम्मद बिन कासिमने सिंध घेतला. तिथे ब्राह्मण राजा दाहीरचं राज्य होतं, बौद्धांची संख्याही मोठी होती आणि नेरूनच्या बौद्धांनी लढाई न करता त्याच्याशी तह केला. चचनामा या फारसी ग्रंथातला पुढचा भाग प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावा. दाहीरचा बाप चच याने जाटांवर अपमानाचे नियम लादले होते: चांगलं कापड वापरायचं नाही, बाहेर पडताना बरोबर कुत्रं ठेवायचं. विजयी कासिमने हे नियम रद्द केले का? नाही. चौकशी केली आणि कायम ठेवले. महसुलाच्या जागांवर ब्राह्मणांनाच नेमलं. बिलालच्या धर्माचं सैन्य सिंधमध्ये आलं, पण बिलाल आला नाही.

आपल्या महाराष्ट्रात मात्र इस्लाम सैन्याच्या कितीतरी आधी आला, आणि आला तो गलबतांतून. तेव्हा मराठवाड्यासह दख्खनवर राष्ट्रकूटांचं राज्य होतं, जे स्वतःला लातूरचे म्हणवत. अरब प्रवासी त्यांना 'बल्हारा' म्हणतात आणि मुसलमानांना इतकं चांगलं वागवणारा दुसरा राजा नाही असं लिहितात. अल मसूदी ९१६ च्या सुमारास चौलला आला, तेव्हा तिथे सुमारे दहा हजार मुसलमान होते, त्यातले बरेच इथेच जन्मलेले. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच प्रमुख राजाने नेमलेला होता. डहाणूजवळच्या चिंचणीला सापडलेला शके ८४८ चा, म्हणजे ९२६ सालचा ताम्रपट याहून बोलका आहे. त्यानुसार संजाणचा कारभार राष्ट्रकूटांनी मुहम्मद नावाच्या 'ताजिक', म्हणजे अरब माणसाकडे दिला होता. संस्कृतात त्याचं नाव मधुमती. त्याने नदी ओलांडायला फुकट होडी ठेवली, अन्नछत्र घातलं, आणि त्याच्याच कारकिर्दीत एका देवीच्या मठिकेला जमीन दान झाली. अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला १२९६ साली. चिंचणीचा ताम्रपट त्याच्या ३७० वर्षं आधीचा आहे. 'तलवारीने आला' म्हणणाऱ्याला एवढी वजाबाकी करायला सांगा.

१३२७ साली मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली. दिल्लीहून आलेल्यांत सूफी होते. बुऱ्हाणुद्दीन गरीब त्यातले, १३३७ साली वारले, कबर खुलताबादला. याच तुघलकाच्या दरबारातला जियाउद्दीन बरनी हा इतिहासकार मात्र लिहून गेला की हलक्या कुळातल्यांना लिहायला वाचायला शिकवू नये. मनूला शोभावं असं वाक्य एका मुसलमान विद्वानाचं! एकाच काळात, एकाच दौलताबादच्या आसपास, एक इस्लाम बरनीचा आणि एक दर्ग्याच्या उंबऱ्याचा. उंबऱ्यावर कुणाला जात विचारून अडवलं जात नव्हतं, नवस बोलायला ब्राह्मण मध्यस्थ लागत नव्हता. पुढच्या काळात दख्खनी सूफींच्या नावावर जात्यावर म्हणायची गाणी रचली गेली. चक्कीनामा म्हणतात त्याला. गंगाखेडच्या जनाबाईच्या जिल्ह्यात जात्यावरच्या गाण्याची ताकद वेगळी सांगायला नको. दळणाऱ्या बाईच्या तोंडी अल्लाचं नाव आलं ते असं. एका दिवसात धर्मांतर नाही, शुद्धीची पावती नाही. आधी उरूस, मग पोराचं एखादं नाव, मग दफन, असं तीन चार पिढ्यांत घर बदलायचं.

मग जातीमुळे लोक मुसलमान झाले या आपल्या सिद्धान्ताचं काय? इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी साधा प्रश्न विचारला: तसं असेल तर मुस्लिम बहुसंख्या पूर्व बंगाल आणि पश्चिम पंजाबात का, जिथे ब्राह्मणी व्यवस्था तुलनेने विरळ होती? जिथे ती घट्ट होती त्या गंगेच्या खोऱ्यात का नाही? आपल्याच घरचा दाखला घ्या. दख्खनवर सहा शतकं मुस्लिम राजवट, आणि १९४१ च्या जनगणनेत निजामाच्या राज्यात मुसलमान साधारण तेरा टक्के. एवढ्या काळात ना तलवारीने सगळे बदलले ना समतेने. काही कसबी जाती सूफींच्या मागे गेल्या, काही दरबाराच्या आश्रयाला, आणि जाताना जात बरोबर घेऊन गेल्या. आज आपल्या गावात बागवान, आत्तार, मणियार, पिंजारी, तांबोळी, खाटीक आहेत ते हवेतून आले नाहीत. बाबासाहेबांनी 'पाकिस्तान'वरच्या ग्रंथात १९०१ च्या बंगालच्या जनगणनेतले अश्रफ, अजलाफ, अरजल हे थर मांडून हेच दाखवलं. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली ती याच वास्तवावर.

निजामशाहीतलाच आणखी एक माणूस या हिशेबात धरावा लागतो. मलिक अंबर, बिलालच्याच हबश देशातला, बाजारात अनेकदा विकला गेलेला गुलाम. तो निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, मुघलांना आयुष्यभर झुंजवलं, जमीन महसुलाची घडी बसवली आणि १६२६ साली वारला, कबर खुलताबादलाच. गुलामाला एवढं वर येऊ देणारी व्यवस्था आणि माणूस बाजारात विकणारी व्यवस्था, दोन्ही एकच होती. पेशवाईतल्या महाराला यातली पहिली बाजू मिळाली नाही.

बाबासाहेबांपुढे हे सगळं होतं. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर इस्लामच्या बाजूने बोलावणी आली, त्यांनी त्याचाही विचार केला. बौद्ध धम्माच्या ऱ्हासात मुस्लिम आक्रमणाचा वाटा त्यांनी स्पष्ट लिहिला, आणि त्याच आक्रमणात ब्राह्मणी धर्म कसा टिकला हेही विचारलं. नोव्हेंबर १९४७ मध्ये, परभणी निजामाखाली असताना, हैदराबादच्या अस्पृश्यांनी जिवाच्या भीतीने धर्म बदलू नये आणि निजामाची बाजू घेऊ नये असं त्यांनी बजावलं. त्यांचा विरोध बिलालला नव्हता. दुसऱ्याच्या सत्तेच्या सोयीसाठी आपली माणसं मोजली जाऊ नयेत, हा त्यांचा मुद्दा होता.

त्या टपरीवरच्या पोराला मी एवढं सगळं सांगू शकलो नाही. मी त्याला १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश सांगितला. त्यातल्या तिसऱ्या कलमाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला. धम्म घेतल्यावर आपल्यालाही त्याच कलमाने केंद्राच्या सवलतींबाहेर ठेवलं, ते दुरुस्त व्हायला १९९० उजाडलं. मुसलमान मेहतर आजही त्या कलमाबाहेर आहे, इस्लाममध्ये जात नाही या कारणाने. २०२२ साली सरकारने यावर न्या. बालकृष्णन आयोग नेमला. पोराने विचारलं, "मग आपण या मागणीच्या बाजूने का बोलत नाही?" चहा संपला होता, आणि माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं.