सामायिक फोल्डरच्या परवानग्या

संगणकजाळ्यावर अनेकांसाठी खुल्या केलेल्या फोल्डरमधील फायली कोणी वाचाव्यात, बदलाव्यात वा पुसाव्यात हे ठरवणारे नियम. कार्यालयांत 'परमिशन' किंवा 'राइट्स' हे शब्द रूढ आहेत. परवानगी व्यक्तीला न देता गटाला द्यावी, हा सर्वमान्य संकेत. बदली झाली की माणूस गटातून काढला म्हणजे पुरते.

युनिक्स व लिनक्स : मालक, गट आणि इतर यांना वाचन (4), लेखन (2) व चालवणे (1) यांची बेरीज करून 755, 644 असे आकडे दिले जातात. फोल्डरच्या बाबतीत 'चालवणे' म्हणजे आत शिरण्याची मुभा. सामायिक कामात खरी अडचण नव्या फायलींची असते. फाइलीला ती बनवणाऱ्याचा गट चिकटतो आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला तीत दुरुस्ती करता येत नाही. यासाठी फोल्डरला 2775 द्यावे, म्हणजे नव्या फायली फोल्डरचाच गट घेतात. सोबत युमास्क, म्हणजे नव्या फाइलीचे कोणते हक्क वगळायचे ते सांगणारा आकडा, 002 हवा. तो 022 राहिला तर गटाला लेखनहक्क मिळत नाही आणि पहिली सोय वाया जाते.

सांबा : अँड्र्यू ट्रिजेल यांनी 1992 मध्ये सुरू केलेली, युनिक्सवरचे फोल्डर विंडोजला दाखवणारी प्रणाली. नव्या फाइलीला जास्तीत जास्त कोणते हक्क मिळावेत हे ठरवणारा हिचा 'क्रिएट मास्क' मुळात 0744 असतो. त्यामुळे गटाचे लेखन इथेही गळते. तो 0664 करावा.

विंडोज : एनटीएफएस ही फाइलव्यवस्था विंडोज एनटीबरोबर 1993 मध्ये आली. जाळ्यावरून येणाऱ्याला शेअरची (फोल्डर जाळ्यावर खुले करताना दिलेली) आणि एनटीएफएसची (फोल्डरवरच लावलेली) अशा दोन्ही परवानग्या लागतात व त्यांतली कडक ती चालते. शेअरवर 'फुल कंट्रोल' असले तरी फोल्डरवर फक्त 'रीड' असेल तर वाचनच होते. त्याच यंत्रावर बसून काम करणाऱ्याला शेअरचा नियम लागत नाही. शेअरची परवानगी किती आवळावी याविषयी मतभेद आहेत. नकार परवानगीवर मात करतो. मात्र फाइलीवर थेट दिलेली परवानगी वरून वारशाने आलेल्या नकाराला पुरून उरते. कॉपी केलेली फाइल नव्या जागेचे नियम घेते. त्याच व्हॉल्यूमवर हलवलेली फाइल सहसा जुनेच ठेवते, म्हणून खुल्या फोल्डरातून बंद फोल्डरात नेलेले पगारपत्रक आपला मोकळेपणा घेऊनच जाऊ शकते. हलवल्यावर त्याचे नियम पुन्हा तपासणे अगत्याचे.

मॅक : परवानग्यांच्या सविस्तर यादीची सोय 10.4 आवृत्तीपासून (2005).