कल्लिएना

कल्लिएना : कल्याणचे ग्रीक नाव. इ.स. पहिल्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत ते कल्लिएना असे येते, तर सहाव्या शतकातील कॉस्मसच्या ग्रंथात कल्लियाना असे. रोमन कारभारातील आणि आरंभीच्या ख्रिस्ती इतिहासातील काही संज्ञा उल्हास नदीच्या खोऱ्यापर्यंत पोहोचल्या त्या या दोन उल्लेखांमुळे. रोमची सत्ता इथे कधीच नव्हती, हे आधीच सांगितलेले बरे. स्थानिक अभिमानाच्या भरात ते विसरले जाते.

बंदर खाडीच्या काठी होते. तिथून एक वाट मुरबाडवरून नाणेघाट चढून जुन्नर आणि पैठणला जाई. दुसरी उल्हासच्या काठाने, आजच्या बदलापूर-कर्जतकडून बोरघाटाला. खोऱ्याच्या वरच्या टोकाची कोंडाणे लेणी इसवी सनापूर्वीची आहेत. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणचे दाते वारंवार भेटतात. वालधुनीकाठचे अंबरनाथचे शिवालय मात्र शके ९८२ चे, म्हणजे इ.स. १०६० चे, आणि उल्हासनगर तर १९४९ मध्ये लष्करी छावणीच्या जागी वसलेले. रोमन काळाच्या खुणा त्यांत शोधण्यात अर्थ नाही.

पेरिप्लसचा लेखक इजिप्तमधला, ग्रीक बोलणारा, बहुधा स्वतः व्यापारी होता. ग्रंथाच्या ५२ व्या परिच्छेदात तो सांगतो, की थोरल्या सरगनेसच्या काळी कल्लिएना हे ‘एम्पोरियन एन्थेस्मोन’, म्हणजे कायद्याने नेमलेले व्यापारी ठाणे होते. पुढे ते सांदनेसच्या हाती गेले आणि व्यापाराला आडकाठी झाली. चुकून तिथे आलेली ग्रीक गलबते पहारा बसवून बॅरिगाझाला, म्हणजे भडोचला, नेली जाऊ लागली. सरगनेस म्हणजे सातकर्णी, यावर बहुतेकांचे एकमत आहे. सांदनेस सातवाहनांपैकी की त्यांच्या विरोधातला, यावर वाद आहे. पार्श्वभूमी मात्र उघड दिसते : भडोच क्षत्रप नहपानाकडे, घाटमाथ्यावर सातवाहन, आणि दोघांच्या भांडणात जकातीचे उत्पन्न. इथला कायदा इथल्याच राजांचा होता. रोमन प्रजेच्या जहाजाने कुठे नांगर टाकायचा हे तेच ठरवीत.

रोमचा हात समुद्रापलीकडे होता. इ.स.पू. ३० मध्ये ऑक्टेव्हियनने इजिप्त जिंकले आणि तिथे ‘प्रीफेक्ट’ नेमला. हा अधिकारी सिनेटच्या सभासदांतून न घेता मुद्दाम त्यांच्या खालच्या, अश्वारूढ म्हणवल्या जाणाऱ्या वर्गातून घेत. सम्राटाच्या परवानगीशिवाय सिनेटरला इजिप्तमध्ये पाऊल टाकता येत नसे. धान्य आणि पूर्वेचा व्यापार हाती असलेल्या माणसाने डोईजड होऊ नये, यासाठीची ही खबरदारी. अशाच एका प्रीफेक्टबरोबर फिरलेला भूगोलकार स्ट्रेबो लिहितो, की तांबड्या समुद्रावरच्या मायोस होर्मोसहून १२० जहाजे भारताकडे निघत. परतलेल्या मालावर ‘तेतार्ते’ बसे, किमतीचा चौथा हिस्सा. मराठी वाचकाला चौथ आठवेल, पण ती खंडणी होती, ही जकात. मलबारच्या मुझिरिसहून आलेल्या मालाचा दुसऱ्या शतकातील एक पपायरस व्हिएन्नात आहे. त्यावरून ही आकारणी समजते. भारत दरवर्षी ५ कोटी सेस्टर्शियस ओढून नेतो, ही रोमन लेखक प्लिनीची तक्रार प्रसिद्ध आहे. ती हिशेबनीसाची कमी आणि नीतिवाद्याची अधिक.

दुसरा उल्लेख याहून कुतूहलाचा. अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस याने इ.स. ५५० च्या सुमारास लिहिले, की मिरी पिकते त्या माले प्रदेशात ख्रिस्ती आहेत आणि कल्लियानात ‘एपिस्कोपोस’, म्हणजे बिशप आहे, ज्याची दीक्षा पर्शियात होते. हे नगर केरळात वा कर्नाटकात शोधणारेही आहेत. पण कॉस्मसच्या बंदरांच्या यादीत ते सौराष्ट्र आणि सिबोर, म्हणजे चौल, यांच्यामध्ये येते; शिवाय तो तिथून तांबे किंवा पितळ, शिसवी वाटणारे लाकूड आणि कापड जाते असे सांगतो. आपले कल्याण मानणेच सयुक्तिक. त्याच्या माहितीचा झराही भरवशाचा आहे. त्याचा गुरू मार आबा पुढे पर्शियातील ख्रिस्ती मंडळीचा प्रमुख, ‘कॅथोलिकोस’, झाला. त्या पदाचे ठाणे सासानी राजधानी सेल्युसिया-टेसिफोन येथे होते आणि ४२४ च्या धर्मसभेने पश्चिमेकडच्या, म्हणजे रोमन साम्राज्यातल्या, बिशपांकडे दाद मागण्याची प्रथाच बंद केली होती. म्हणजे कल्याणचा बिशप रोमच्या शत्रूच्या राज्यातून येत होता.

याआधीच्या काळाबद्दल मात्र जपून बोलावे. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस पँटेनस हा ख्रिस्ती शिक्षक भारतात गेला आणि तिथे त्याला ख्रिस्तशिष्य बार्थोलोम्यूने ठेवलेले मत्तयाचे शुभवर्तमान मिळाले, असे चर्चचा इतिहासकार युसेबियस सांगतो. पेरुमालिल आणि जॉर्ज मोरायस या अभ्यासकांनी बार्थोलोम्यूचे कार्यक्षेत्र कल्याणच्या परिसरात ठेवले. तर्क मोहक आहे. पण त्या काळच्या ग्रीक लेखकांचा ‘इंडिया’ अरबस्तानाच्या दक्षिणेपासून इथिओपियापर्यंत कुठेही असू शकतो.

बिशपांच्या अधिकारक्षेत्रांचे म्हणाल, तर चर्चने कारभाराची चौकट रोमकडून उचलली. ‘डायोसिस’ हा डायोक्लेशियनच्या (२८४-३०५) फेररचनेतला अनेक प्रांतांचा गट, त्यावर ‘व्हिकॅरियस’ हा अधिकारी. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या सभेने बिशपांना आपापल्या डायोसिसबाहेर ढवळाढवळ करू नका असे बजावले, तेव्हा नकाशा सरकारीच होता. साम्राज्य गेले, डायोसिस चर्चकडे राहिला. वसईचे मराठी ख्रिस्ती त्याला धर्मप्रांत म्हणतात.

कल्याणच्या बिशपपरंपरेचा शेवट कसा झाला ते कोणी नोंदवलेले नाही. मात्र १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, ते उतरले होते एका नेस्टोरियन, म्हणजे त्याच पर्शियन मंडळीच्या परंपरेतल्या, कुटुंबाकडे, आणि ओडोरिक हा प्रवासी तिथली अशी १५ घरे मोजतो. पुढे १९८८ मध्ये सिरो-मलबार चर्चची कल्याण एपार्की स्थापन झाली. ‘एपार्किया’ हा रोमन प्रांतासाठीचा ग्रीक शब्द. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर इथल्या कारखान्यांत आणि कचेऱ्यांत नोकरीसाठी आलेली त्या पंथाची मल्याळी कुटुंबे तिच्याच कक्षेत येतात, आणि त्यांची प्रार्थनापद्धती पूर्व सिरियाक, म्हणजे कॉस्मसच्या बिशपाच्या घराण्यातली आहे.