चेंबरमधलं तूप

अमेरिकेत मी पहिल्यांदा सिंक तुंबवलं ते साबुदाण्याच्या खिचडीने. प्रोजेक्टसाठी आठ महिने मिलवॉकीला होतो. भाड्याच्या घरात सिंकखाली काळ्या डब्यासारखं एक यंत्र होतं आणि भिंतीवर त्याचं बटण. बटण दाबलं की घरघर आवाज होऊन सिंकमधलं खरकटं गायब. पुण्यात मी स्वतःचं ताट उचलून मोरीपर्यंत नेलं तरी आजी कौतुक करायची, त्यामुळे हे यंत्र कुणीतरी माझ्यासाठीच बनवलंय असं वाटलं. एका संकष्टीला गोळा झालेली सगळी खिचडी त्यात ढकलली आणि वर भरपूर गरम पाणी सोडलं. दहा मिनिटांनी सिंक पांढऱ्या, चिकट पाण्याने काठोकाठ भरलं.

दुरुस्तीला आलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी पाइप खोलला, बादली खाली धरली आणि मला शिकवणी दिली. भात नको, पास्ता नको, बटाट्याची सालं नकोत, दोऱ्यांची भाजी नको, तेल-तूप तर अजिबात नको. आणि पाणी सोडायचं ते थंड. मी विचारलं, मग यात टाकायचं तरी काय? ते हसले. म्हणाले, शक्यतो काहीच नाही.

मला वाटत होतं की आत मिक्सरसारखी पाती असतात. नसतात. एक गोल तबकडी गरगर फिरते, तिच्यावरचे दोन ठोकळे अन्नाला बाहेर भिरकावतात आणि कडेच्या खरखरीत कड्यावर ते किसलं जातं. पण किसणं हे अर्धंच काम. तो कीस पाण्याबरोबर वाहून जायला हवा. साबुदाणा किसला जात नाही, फुगतो. गरम पाणी मिळालं की त्याची खळ होते. सुती साड्यांना घालतात तीच. मी अमेरिकन पाइपला खळ घातली होती.

ती अडकली पाइपच्या वळणात. हे वळण जुनं आहे. लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने १७७५ साली शौचकुपासाठी त्याचं पेटंट घेतलं. वळणात थोडं पाणी कायम साचून राहतं आणि गटाराचा वास घरात येत नाही. साधी, सुंदर युक्ती. पण जिथे पाणी थांबतं तिथे भाताची शितंही थांबतात. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत 'नहाणी ट्रॅप' असा शब्द येतो. आपली न्हाणी थेट इंग्रजी पाठ्यपुस्तकात जाऊन बसली आहे. हे मला माझ्या सिव्हिलच्या रूममेटने सांगितलं होतं, तेव्हा मी लक्ष दिलं नव्हतं.

म्हाताऱ्या गृहस्थांनी जाताना सांगितलं की हे यंत्र इथूनच थोडं दक्षिणेला, रसीन गावात जन्मलं. घरी बसून पुढचे दोन वीकेंड मी तेच वाचत बसलो.

यंत्राच्या आधी डुकरं होती. १८४२ साली चार्ल्स डिकन्सने अमेरिकेच्या प्रवासवर्णनात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर मोकाट फिरणाऱ्या डुकरांचं वर्णन केलं आहे. आपल्या गावाच्या वेशीबाहेर जे दिसतं तेच. पुढे मोकाट डुकरं गेली, पण शहराचं खरकटं गाडीत भरून बाहेरच्या वराहपालनाच्या वाड्यांवर जायचं ते चालूच राहिलं. पंचाहत्तर डुकरं दिवसाला एक टन खरकटं संपवतात, असा त्या काळचा हिशेब. पाइप तुंबायचा प्रश्नच नव्हता, कारण अन्न पाइपात जातच नव्हतं.

१९२७ साली रसीनमधल्या जॉन हॅम्स नावाच्या वास्तुविशारदाने तळघरात पहिलं यंत्र बनवलं. गोष्ट अशी सांगतात की बायको उरलेलं अन्न वर्तमानपत्रात गुंडाळून बाहेर टाकते हे पाहून त्याला कल्पना सुचली. १९३५ साली पेटंट मिळालं, १९३८ साली कंपनी निघाली. खरी गंमत मात्र पुढे, इंडियाना राज्यातल्या जॅस्पर या छोट्या गावात. तिथल्या डुकरांमध्ये कॉलऱ्याची साथ आली आणि खरकटं खायला कुणी उरलं नाही. १९५० साली गावाने ठरवलं की घरोघरी हे यंत्र बसवायचं आणि खरकटं गोळा करणारी गाडीच बंद करायची. एका अख्ख्या गावाने आपलं उष्टं एका झटक्यात डुकराकडून पाइपकडे वर्ग केलं! आम्ही जुन्या सर्व्हरवरून नव्यावर डेटा हलवतो तेव्हासुद्धा इतकी हिंमत दाखवत नाही.

जॅस्परची भीती अनाठायी नव्हती. दोनच वर्षांनी, १९५२ साली, कॅलिफोर्नियाहून निघालेल्या रेल्वेगाड्यांच्या स्वयंपाकघरातला कचरा वायोमिंगमधल्या शायेन इथे डुकरांना घातला गेला. त्यात कच्च्या डुकरमांसाचे तुकडे होते. डुकरांच्या नाकाला आणि खुरांना फोड आणणारा रोग, जो तोवर कॅलिफोर्नियातच अडकून होता, देशभर पसरला. मग राज्याराज्यांत कायदे झाले: डुकरांना घालायचंच असेल तर खरकटं आधी उकळा.

न्यूयॉर्कने मात्र उलटा विचार केला. तिथल्या बऱ्याच भागात पावसाचं पाणी आणि घराचं सांडपाणी एकाच नळातून वाहतं. जोराचा पाऊस झाला की नळ भरतात आणि सगळं तसंच नदीत जातं. त्यात घराघरांतलं वाटलेलं अन्न कशाला, म्हणून अशा भागांत यंत्रावर बंदी होती. ती उठली थेट १९९७ साली, चाचण्या करून झाल्यावर. म्हणजे एकाच देशात एक गाव यंत्र लावा म्हणत होतं आणि एक शहर लावू नका म्हणत होतं. दोघांचं बरोबर होतं. प्रश्न यंत्राचा नव्हताच, भिंतीपलीकडे काय आहे याचा होता.

१९२७ हे वर्ष वाचताना मला सारखं ओळखीचं वाटत होतं. मग आठवलं: मुंबईच्या देवनार कचराभूमीचंही साल तेच सांगतात. त्याआधीही मुंबईचा कचरा रेल्वेने चेंबूरकडच्या दलदलीत जायचा. कुर्ला-चेंबूर मार्ग, ज्यावरून आज हार्बरची लोकल धावते, तो आधी कचऱ्याच्या गाड्यांचा. प्रवासी गाडी १९२४ साली आली. रसीनमध्ये एक माणूस खरकटं सिंकखाली गायब करत होता, आणि मुंबई तिचं खरकटं देवनारला. आपल्या नजरेआड करायचं, यावर दोघांचं एकमत.

साताऱ्याजवळच्या आमच्या गावी नजरेआड असं काही नव्हतं. आजी भांडी घासायच्या आधी खरकटं एका पाटीत काढायची. भाजीची देठं आणि भात म्हशीला, उरलेलं उकिरड्यावर. मग राख. राखेत क्षार असतो, तो भांड्यावरच्या तेलातुपाशी मिळून थोडासा साबणच तयार होतो. पाणी अंगणातल्या अळूला. तेव्हा मी हे बघून नाक मुरडायचो. (सगळं सोन्यासारखं होतं असंही नाही. ती पाटी आजी उचलायची, आजोबा कधीच नाही.)

तीच रसायनक्रिया जमिनीखाली होते तेव्हा काय होतं ते लंडनने पाहिलं. २०१७ साली व्हाइटचॅपलच्या गटारात २५० मीटर लांब, सुमारे १३० टन वजनाचा चरबीचा दगड सापडला. स्वयंपाकघरांतलं तेल, तूप, चरबी गटारात थंड होते, काँक्रीटमधून येणाऱ्या कॅल्शियमशी मिळते आणि तिचा कडक, न विरघळणारा साबण बनतो. त्यात ओले वाइप्स अडकत जातात. तो काढायला नऊ आठवडे लागले. पुढच्या वर्षी त्याचा एक तुकडा लंडनच्या संग्रहालयात मांडला, आणि लोक तो बघायला गेले.

आमच्या सोसायटीतला तुकडा कुठल्या संग्रहालयात गेला नाही. मी परत आलो त्या पावसाळ्यात तळमजल्यावरच्या काकूंच्या सिंकमधून काळं पाणी उलटं वर यायला लागलं. सोसायटीने कुणाला तरी फोन केला. एक मुलगा आला, माझ्याच वयाचा. झाकण सरकवलं, शर्ट काढून कुंपणावर टाकला आणि आत उतरला. हातमोजे नव्हते. हाताने मैला साफ करायला बंदी घालणारा २०१३ चा कायदा सुरक्षासाधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायलाही बंदी घालतो. सडणाऱ्या अन्नातून हायड्रोजन सल्फाइड निघतो आणि खोल गटारात तो माणसाला क्षणात बेशुद्ध करतो. आमचं चेंबर कमरेइतकंच होतं, म्हणून आम्ही सगळे निवांत चहा पीत उभे होतो. मीसुद्धा.

त्याने एक राखाडी, मेणचट गोळा काढून फरशीवर ठेवला. लंडनच्या फोटोतला दगड, फक्त नारळाएवढा.

"हे काय, दादा?" मी विचारलं.

"तूप आहे, साहेब. वरच्या मजल्यावरनं येतंय. गरम पाणी ओतून भांडी धुतात ना, इथपर्यंत वितळून येतं, मग बसतं."

वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. आई दर आठवड्याला लोणी कढवते. बेरी खरवडून मला देते आणि पातेलं उकळत्या पाण्याने विसळते, कारण त्याने ते लख्ख निघतं. सिंक आमचं कधीच तुंबलं नाही. मी वर जाऊन साबण आणि टॉवेल घेऊन आलो. त्याने साबण घेतला, टॉवेल घेतला नाही.

रात्री आईला सगळं सांगितलं: रसीन, जॅस्पर, कॅल्शियम. ती म्हणाली, "एवढं सगळं कशाला सांगतोस? पातेलं कागदाने पुसून घ्यायचं आणि मग धुवायचं, एवढंच ना?" पुसलेला कागद कुठे टाकायचा यावर मात्र आमचा वाद झाला. सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताईंना विचारलं. कागद तुपकट झाला की तो कुणी विकत घेत नाही, ओल्यात टाका, त्या म्हणाल्या. गाळणीतला चहाचा चोथा आणि भाताची शितंही ओल्यातच जातात. सिंकवर आता एक स्टीलची जाळी आहे आणि ती रोज झटकायचं काम माझं आहे.

फक्त आमच्याकडे आता पेपर येत नाही, सगळे मोबाइलवर वाचतो. त्यामुळे लोणी कढवायच्या दिवशी आई खालच्या काकूंकडून जुना पेपर मागून आणते.